गुळाआधीचा श्वास

गिरजाआत्या, लोक येतात, ओट्यावर बसतात आणि तू किती चांगली होतीस ते मला सांगतात. मी मान हलवतो. तू चांगली होतीस हे खरंच आहे. पण तू हट्टी होतीस, तोंडाची फटकळ होतीस, आणि माझ्या अख्ख्या हिवाळ्याच्या मेहनतीवर तू वाटीभर गुळाने पाणी फिरवलंस, हे कुणीच बोलत नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण आपण दोघं एकमेकांशी कधी तोंडदेखलं बोललो नाही, मग आता कशाला सुरुवात करायची?

दिवाळीनंतर मी हैदराबादहून ते सामान घेऊन निघालो, तेव्हा आधी मानवतला आपल्या घरीच गेलो होतो. रबरी कापडाची भली मोठी पिशवी, नाकाला लावायचा चिमटा, तोंडात धरायची नळी आणि गवत भरलेल्या खोक्यात जपून आणलेल्या पाऱ्याच्या काचनळ्या. अप्पांनी आडतीच्या गादीवरून उठून सगळं न्याहाळलं. मी सांगितलं, एम.एस्सी.चा प्रबंध आहे, माणसाच्या श्वासावरून त्याच्या शरीरात काय जळतंय ते मोजायचं आहे, आणि ते मला आपल्या भागातल्या कष्टाच्या माणसांत मोजायचं आहे. अप्पा म्हणाले, "लोकाईची तोंडं हुंगायला तुला हैदराबादला ठिवलं व्हतं का रे?" कापसाचा हंगाम होता, आडतीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यांच्या डोक्यातही नव्हती. उन्हाळ्याच्या आत काम पुरं झालं तर ठीक, नाही तर हे खटलं परत पाठवून गादीवर बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

म्हणून मी बैलगाडी करून ताडकळसला तुझ्या दारात आलो. तू अप्पांची थोरली बहीण, आणि अप्पा जगात फक्त तुलाच वचकून होते. तू मला विचारलंस, जेवलास का. मग विचारलंस, ह्यानं कुणाला दुखतंय का. नाही म्हटल्यावर तू पदर खोचून माळदाची, मातीच्या छताची ती गार खोली झाडायला घेतलीस. प्रबंध म्हणजे काय, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. आमच्या विद्यापीठात सगळं उर्दूतून चालतं, त्यातला प्रयोगासाठीचा शब्द तू उचललास आणि गावभर करून टाकलास: माझ्या भाच्याचा तजरुबा.

रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी घासता घासता तू म्हणायचीस, सांग आता, काय जळतंय आमच्यात. मी सांगायचो, आत्या, शरीर म्हणजे बारीक बारीक खोल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रत्येक खोलीत एक चूल. आपण खातो ते तिचं सरपण, आणि श्वासातली हवा म्हणजे फुंकर. त्या चुलीवर रांधलं जातं ते बळ. तू हात तसाच राखेत ठेवून ऐकत राहायचीस. एकदा विचारलंस, "पहिला विस्तव कुणी घातला?" मी म्हणालो, कुणीच नव्याने पेटवत नाही, शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणतात तसा प्रत्येक खोलीत तो आधीच्या खोलीतून येतो. आईकडून लेकराकडे, आजीकडून आईकडे. "मग सगळ्यात पहिली शेजारीण कोण?" तू म्हणालीस. मी म्हणालो, ते अजून कुणाला सापडलं नाही. तू हसलीस. म्हणालीस, "मला सापडलंय, पण तुला पटायचं न्हाई." आणि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावलास. हा त्या हिवाळ्यातला आपला पहिला वाद, आणि तो तसाच राहिला.

लोक आले ते तुझ्यामुळे; आधी पुरुष, मग बायका, असं ठरलं होतं. तांबडं फुटायच्या आत यायचं, रात्रीच्या जेवणानंतर काही खाल्लेलं-प्यायलेलं नसावं, घटकाभर बाजेवर निपचित पडून राहायचं आणि मग नाकाला चिमटा लावून नळीतून पिशवीत श्वास सोडायचा. एकदा उठल्यावर पुन्हा आडवं व्हायची ज्यांना सवय नाही, अशी ही माणसं. मराठ्यांच्या कोंडिबामामांना तर निपचित पडल्याची लाज वाटायची, ते मध्येच उठून विचारायचे, "दुसरं काही काम सांगा की." पिशवीचं नाव लोकांनी पखाल ठेवलं. मला सगळे डॉक्टर म्हणायला लागले, आणि मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून मी थकलो. तू मात्र सांगायच्या भानगडीतच पडली नाहीस.

मी मोजत होतो ते एवढंच, की शरीराने किती चांगली हवा खर्च केली आणि किती जळकी हवा बाहेर टाकली. साखर जळत असेल तर जेवढी आत तेवढीच बाहेर. अंगातली चरबी जळत असेल तर बाहेर कमी. रात्रभर उपाशी असलेल्या माणसात दोन्ही मिळून जळतं, तेव्हा आकडा कमीच यायला हवा. आपल्या लिंगायतांच्या घरची माणसं आली, त्यांचा आकडा अगदी पुस्तकात असावा तसा आला. मराठ्यांची, माळ्यांची माणसं आली, त्यांचा आकडा चढा. उपाशीपोटीही नुसती साखर जळतेय. मी नळ्या धुतल्या, पारा गाळला, पुन्हा मोजलं. तरी तेच. एकाच गावात, एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलेली दोन प्रकारची शरीरं!

आत्या, माझे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते. हैदराबादला उस्तादांना, म्हणजे माझ्या प्राध्यापकांना, लांबलचक पत्र धाडलं. हे दिवसच असे आहेत की माणसं आतूनच वेगळी आहेत, असं सांगणारा आकडा कुणालाही हवाच असतो. मलाही तो गोड लागला आणि तुला तर साखरेसारखा लागला. तू दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पारूबाईला गाठलंस आणि विहिरीवर चारचौघींत सांगितलंस, "आमच्यात जाळ सबुरीचा हाय गं पारू, तुमच्यात नुसता भडका. डॉक्टरनं मोजलंय." पारूबाई माहेरची चुडाव्याची, तुझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला तुझ्या तोडीस तोड. तिने नुसती घागर उचलली आणि गेली. त्या दिवसापासून तुमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवरून ताकाचा तांब्या जायचा बंद झाला.

मग तू मानवतला लग्नाला गेलीस. सकाळी कोंडिबामामा आले, पण बाजेवर न निजता उंबऱ्यातच बसून राहिले.

"काय झालं, मामा? निजा की."

"काकूला येऊ द्या."

"ती लग्नाला गेलीय. आज नाही यायची."

"मग गूळ-पाणी कोण देणार?"

"कसलं गूळ-पाणी?"

"आमी आलो की दारातच देत्यात की. वाटीभर." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठल्या परमुलुखातून आलोय. "डॉक्टर, दुसऱ्याच्या घरी माणूस कोरड्या तोंडानं निजतंय व्हय?"

तू रोज, मी आत नळ्या जुळवत असताना, दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गूळ-पाण्याची वाटी ठेवत होतीस. अगदी प्रेमाने, न चुकता. आणि आपली लिंगायतांची माणसं ती वाटी परत करत होती, कारण पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंबही घेत नाहीत. वेगळा होता तो फक्त गूळ. माझा थोर शोध म्हणजे तुझा पाहुणचार.

तू परत आलीस तेव्हा मी दारातच उभा होतो. तुला पाय धुऊ दिले नाहीत आणि तोंड सोडलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि शांतपणे म्हणालीस, "बरं मग? लोकं माझ्या दारात आली. थंडीत कुडकुडायलेत. तोंडात गुळाचा खडा बी टाकू नको म्हणतोस?"

"दे ना. पण मोजून झाल्यावर दे."

"आधी दिलं तर पाव्हणचार. काम झाल्यावर दिलं तर मजुरी. कोंडिबा माझ्या दारात मजुरीला आलाय का?"

"आणि तू? तू पूजेआधी पाणी पीत नाहीस. तुला चालतं, मग त्यांना का चालू नये?"

"मी देवासाठी ऱ्हाते. ती लोकं तुझ्या पखालीसाठी कामून उपाशी ऱ्हातील? तुझी पखाल त्यांचा देव हाय का?"

ज्ञानासाठी माणसाने उपाशी का राहावं, हे मला पुस्तकं वाचून कळलं होतं, पण ते तुला सांगता येईना. दोन दिवस आपण फक्त जेवणापुरतं बोललो. हैदराबादहून उस्तादांचं उत्तर आलं, त्यात दोनच शब्द होते: दोबारा नापो. पुन्हा मोजायचं म्हणजे त्याच माणसांना पुन्हा बोलवायचं, आणि या वेळी तुझ्या दारात काहीही न देता. ते जमलं नाही तर अप्पांची गादी माझी वाट पाहतच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पूजेची वेळ झाली तरी तू पूजेला बसली नाहीस. म्हणालीस, बोलाव लोकं. लोक आले, तू दारात उभी राहून प्रत्येकाला सांगितलंस, आज मी काही देणार नाही, मी पण काही घेतलेलं नाही, तुमचा शेवटचा माणूस उठंपर्यंत माझी पूजा थांबलीय, मग सगळे संगं जेवू. मी आतून ऐकत होतो. कोंडिबामामा म्हणाले, "मग ठीक हाय," आणि बाजेवर निजले. मजुरी नाही, पाहुणचारही नाही. एका पंगतीची वाट पाहणारी माणसं झाली ती. तू उन्हं वर येईपर्यंत बिनपाण्याची ओट्यावर बसलीस. असं तू पुढे रोज केलंस, आणि मी एकदाही तुला थांबवू शकलो नाही, कारण थांबवायला गेलो की तू म्हणायचीस, "गप ऱ्हा, तजरुबा चालू हाय."

पण त्याहून अवघड काम तू संध्याकाळी केलंस. पारूबाईच्या दारात गेलीस. मी भिंतीच्या अलीकडे होतो, मुद्दाम ऐकत होतो असं समज.

"पारू, विहिरीवर म्हणलं ते चुकलं बघ. जाळ वेगळा-बिगळा काही न्हाई. तुमी गूळ खाल्ला व्हता, आमी न्हाई. एवढंच."

"मग तवाच सांगायचं की."

"तवा मला तरी कुठं ठाव व्हतं? आन् ठाव व्हायच्या आधीच लय गोड लागलं ते."

पारूबाईने पाट सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "या, बसा." आत्या, मी हैदराबादला मोठमोठ्या विद्वानांना आपली चूक मान्य करताना पाहिलंय. आधी ते घसा साफ करतात, मग यंत्राला दोष देतात. आपल्याला ती चूक गोड लागली होती, असं म्हणणारं मी तुझ्याखेरीज कुणी पाहिलं नाही. माझ्या प्रबंधात चुकीच्या मोजणीचं एक पान आहे. ते लिहिताना मी घसा साफ केला नाही, तो तुझ्यामुळे.

पुरुषांची मोजणी पुन्हा झाली. आकडे आले. कोंडिबामामा, आपले मठातले स्वामी, माळ्याचा सटवा, सगळ्यांचे एकाच पट्ट्यात. मी तुला सांगितलं तेव्हा तू जरा हिरमुसलीस. मनातून तुला तो सबुरीचा जाळ अजून हवाच होता. मग म्हणालीस, "चला, बरं झालं. पारूला सांगते." मी म्हणालो, आता तू निज, तुझा श्वास घेतो. तू हात झटकलास. "माझ्यातलं माझ्याजवळ ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, बरं, बायकांच्या मोजणीत सगळ्यांत शेवटी तुझी पाळी. तू नाही म्हणाली नाहीस. माझ्यापाशी सबंध गावाचे आकडे आहेत, आत्या. तुझा नाही.

बायकांची मोजणी सोमवारनंतर सुरू करायची होती. तू घरोघर सांगून आली होतीस. तू खोलीत हजर असशील, दार उघडं असेल, एवढ्या भरवशावर त्या तयार झाल्या होत्या. परक्या तरुण पुरुषासमोर बाजेवर निजायचं ही काय साधी गोष्ट आहे? आणि मग तुला हुडहुडी भरली. परभणीहून डॉक्टर आणले, खरे डॉक्टर. त्यांनी छातीला नळी लावली, न्यूमोनिया म्हणाले. शेवटच्या दुपारी तुला धाप लागली होती, आणि मी, श्वासाचा अभ्यास करणारा मी, तुझा हात धरून नुसता बसलो होतो. मला त्या वेळी काहीही येत नव्हतं. तू मध्येच डोळे उघडून विचारलंस, "जेवलास का?" मी हो म्हणालो. खोटं होतं ते, आणि तुला ते कळलं.

स्वामींनी कपाळाला विभूती लावली, तुला बसवलं, बेलाची पानं वाहिली. आपल्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात, याचं मला पहिल्यांदाच एवढं बरं वाटलं. श्वास थांबला म्हणजे सगळ्या चुली एकदम विझत नाहीत, आत्या. मला ठाऊक आहे ते. कातडीतल्या, केसांच्या मुळातल्या कितीतरी खोल्यांत नंतरही काही वेळ धग असते. तुला खांद्यावर घेऊन निघालो तेव्हा लोक शिवनाम घेत होते, आणि मी मनात म्हणत होतो, अजून आहे, अजून थोडी आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी तेच म्हणायलास की जे स्वामी म्हणतात, माणूस सरत न्हाई. मग आपण भांडलो असतो.

अप्पा आले होते. तिसऱ्या दिवसाचं सगळं उरकल्यावर म्हणाले, "झालं आता. चल." ते रागाने म्हणाले नाहीत. बहीण गेलेला माणूस तो, त्यांच्यातही जोर नव्हता. मलाही वाटलं, खरंच झालं. बायकांशिवाय प्रबंध अर्धाच, आणि तुझ्याशिवाय बायका येणं शक्य नव्हतं. खोक्यांत गवत भरलं, पिशवीची घडी घातली. पहाटे गाडी जुंपली, खोकी चढवली.

तेवढ्यात पारूबाई आली. मागे सात-आठ बायका, डोक्यावरून पदर, थंडीने अंग चोरून.

"गाडी कुणी जुपली?" ती म्हणाली.

"मीच. परत जायलोय."

"खोकी उतरवा. आमी रातच्यापासून काही खाल्लं न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, आत्या नाही आता. तुम्हाला अवघड वाटेल. तिच्या शब्दाखातर एवढं करू नका."

"तिच्या शब्दाखातर कोण आलंय?" पारूबाई तिच्या नेहमीच्या सुरात म्हणाली. "ती ग्येली. आमच्यात काय जळतंय ते आमाला कळाया नको का? मागं एकदा आमच्या नावावर चुकीचं लिहिलं तुमी. आता आमच्या म्होरं बरोबर लिहा."

मी अप्पांकडे पाहिलं. ते अंघोळ करून, पूजेचं ताट घेऊन ओट्यावर आले होते. त्यांनी ताट खाली ठेवलं. गाडीपाशी गेले, काचनळ्यांचं खोकं स्वतःच्या हातांनी उतरवलं आणि मला म्हणाले, "हे कुठं ठिवायचं?" मग ओट्यावर येऊन बसले, दाराकडे पाठ करून. ताट तसंच बाजूला. उन्हं वर आली, त्यांना ठसका लागला, तरी त्यांनी पाणी घेतलं नाही. शेवटची बाई उठेपर्यंत ते तिथेच होते. मग आधी पूजा, मग सगळ्यांची पंगत. वाढायला पारूबाई होती. अप्पा जेवता जेवता म्हणाले, "आमच्या मानवतला बी लय लोकं हायेत मोजायला." बस, एवढंच.

आकडे आले, आत्या. बायकांचे पुरुषांसारखे, पारूबाईचे आपल्या घरच्यांसारखे. आठवडाभरात काम पुरं होईल, असं दिसतंय. पण तुला लिहायला बसलो ते आकडे सांगण्यासाठी नाही. तू मला विचारलं होतंस, लोकं तुझ्या पखालीसाठी कामून उपाशी राहतील? राहिली, आत्या. देवासाठी नाही, गुळासाठी नाही, तुझ्यासाठीही नाही. स्वतःत काय जळतंय ते कळावं म्हणून राहिली. आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणांत तू पहिल्यांदा हरलीस, आणि हे ऐकून तुझ्याइतका आनंद या गावात दुसऱ्या कुणालाही झाला नसता.